झाडाकडचे आणि खाडीकडचे

गमरेकाकांनी आमच्या क्लबची घरच्या मैदानावरची एकही मॅच कधी चुकवली नाही, आणि एकही मॅच कधी धड बघितली नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, त्यांची नजर अधू असेल. चेंडू डावीकडे गेला की सगळ्यांच्या माना डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि आमचे काका मात्र कपाळावर आडवा हात धरून मैदानाच्या पार पलीकडच्या पायऱ्यांकडे टक लावून बसलेले. गोल झाला तरी हलायचे नाहीत. शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारायचे, "कोणी मारला?" कोणी मारला ते कळलं की उभे राहायचे, दोन्ही हात तोंडापाशी न्यायचे आणि न बघितलेल्या गोलाबद्दलचं आपलं मत पलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ठोकून द्यायचे.

"तुम्ही बघतच नाही," मी एकदा म्हणालो.

"बघायचं काय त्यात, माने? बावीस माणसं धावतात. मॅच बघायची नसते, बोलायची असते."

जुईनगरला आमच्या सोसायटीत काका आणि मी समोरासमोरच्या दारांत राहतो. मी मूळचा बार्शीचा, बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी. फुटबॉलशी माझा संबंध म्हणजे शाळेत एकदा तो तोंडावर आपटला होता, तेवढाच. पण आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, काका दारात उभे. "मॅचला चला." मी म्हटलं, अजून सामान लावायचंय. "सामान कुठं पळून जातंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. "वहिनी, ह्यांना नेतो जरा." बायकोनं मला इतक्या आनंदानं कधी कुठे पाठवलं नव्हतं.

काकांच्या पँटच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक जुनं पिवळं रेशनकार्ड असायचं. कारखाना बंद पडल्यानंतरच्या वाईट दिवसांतलं. आता त्यावर कुठल्याही दुकानात दाणा मिळत नव्हता, पण काका ते रेफ्रीसारखं वापरायचे. वॉचमन डुलकी घेताना सापडला की पिवळं कार्ड. जिन्यात कोणी पान खाऊन थुंकताना दिसला की पिवळं कार्ड. सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन तेच तेच पुन्हा सांगायला लागले तेव्हा काका गंभीर चेहऱ्यानं उठले, पुढे गेले, चेअरमनच्या नाकासमोर रेशनकार्ड धरलं आणि एक शब्दही न बोलता परत येऊन बसले. चेअरमन दोन वाक्यांत आटोपले. लाल कार्ड का ठेवत नाही, असं मी काकांना विचारलं होतं.

"कोणाला बाहेर काढायचं नसतं हो," ते म्हणाले. "नुसतं सांगून ठेवायचं असतं."

आमच्या क्लबचं नाव खाडी स्पोर्टिंग. नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर दिवे, कॅमेरे वगैरे आले असतील तर त्यांनी ते पुसून टाकावेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्याच्या शेठनं आपल्या कामगारांसाठी काढलेला हा क्लब. जर्सी जांभळी, कारण त्या वर्षी गोदामात जांभळा रंग उरला होता. तोही कच्चा. घाम आला की आमच्या खेळाडूंच्या माना जांभळ्या व्हायच्या, आणि हाफटाइमपर्यंत समोरच्या टीमच्याही. कारखाना पुढे बंद पडला, त्या जागी काचेची इमारत आली, पण शेठनं क्लब सोडला नाही. मैदान खाडीला लागून होतं. एका अंगाला गुलमोहराची रांग, दुसऱ्या अंगाला तिवरं आणि चिखल. चेंडू तिवरांत गेला आणि भरती असली की दुसरा चेंडू घेऊन खेळायचं. थंडीत खाडीत फ्लेमिंगो उतरायचे आणि त्यांना बघायला येणारी माणसं आमच्या मॅचला येणाऱ्यांपेक्षा जास्त असायची.

बसायला समोरासमोर सिमेंटच्या पायऱ्या होत्या. कारखाना चालू होता तेव्हा पहिल्या पाळीचे लोक झाडाकडे बसायचे आणि दुसऱ्या पाळीचे खाडीकडे. दोन्ही पाळ्या एकाच क्लबच्या, तरी एकमेकांशी पटवून घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यातून एक रीत पडली. झाडाकडच्यांनी काही ओरडलं की खाडीकडच्यांनी त्याच्या बरोबर उलट ओरडायचं. इकडून "गोल" म्हटलं की तिकडून "ऑफसाइड". गोल आपलाच असला तरी. पाळ्या संपल्या, कारखाना संपला, निम्मी माणसं गावी गेली, रीत मात्र तशीच राहिली. बाहेरून येणाऱ्या टीमला वाटायचं, एवढा पाठिंबा आपल्याला कुठून मिळतोय.

या रीतीचे झाडाकडचे म्होरके गमरेकाका. खाडीकडचे एक सडसडीत, टक्कल पडलेले गृहस्थ होते, निळी छत्री घेऊन बसायचे. काका उभे राहिले की छत्री बाजूला ठेवून तेही उभे राहायचे.

"ओ रेफ्री, पेनल्टी द्या," इकडून काका.

"कसली पेनल्टी? स्वतःच्याच पायात पाय अडकून पडलाय," तिकडून उत्तर.

"आमच्या गोलकीपरसारखा जिल्ह्यात नाय."

"बरं झालं. जिल्हा वाचला."

सगळं मैदान हसायचं, खेळाडूसुद्धा. काका खाली बसताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, "आज आवाज बसलेला वाटतो त्याचा." किंवा, "जोर आहे आज." मला वाटायचं, काय हा द्वेष. शत्रूच्या घशाचीसुद्धा चौकशी.

मैदानाच्या कडेनं किटली घेऊन फिरणारी भानुबाई दोन्ही बाजूंना चहा द्यायची. ती करावे गावची, वयानं काकांएवढीच, आणि मॅचमधलं तिला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. तिच्या चहावरून काका दरवेळी कटकट करायचे. "भानुबाई, साखर महाग झाली काय?" ती नुसती हसायची. एकदा काका आडोशाला गेले असताना मी तिचा चहा प्यालो. चांगला गोड होता. मी म्हटलं, काका उगाच तक्रार करतात.

"तुजा नि त्याचा येगला हाय," ती म्हणाली. "त्याचेत साखर टाकीत नाय मी. त्याला शुगर हाय ना. त्या छत्रीवाल्यानी सांगलंय मना."

"त्यांना काय करायचंय?"

भानुबाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी बार्शीहून कालच आलोय. "भाव हाय त्याचा. बालाराम. सख्खा, पाठचा. तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी इतके महिने काकांच्या शेजारी बसून शेंगा खात होतो आणि समोर ओरडणारा माणूस त्यांचा भाऊ आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण बाकी सगळ्यांना ते माहीतच होतं.

पुढचं मला काकूंकडून कळलं. काका घरात नसताना, दाराची कडी हातात धरून त्यांनी ते सांगितलं. दोघं भाऊ महाडकडच्या गावातून एकाच कारखान्यात लागले, एक पहिल्या पाळीला, एक दुसऱ्या. एकाच खोलीत राहायचे. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा व्हायचा. आई गावी होती. ती आजारी पडली म्हणून काका गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आई वारली. बाळाराम कामावर होते. निरोप मिळाल्याबरोबर तसेच निघाले, पण वाटेत रस्ता अडलेला. इकडे गावातली मोठी माणसं म्हणायला लागली, किती वेळ ठेवायचं, उरका आता. काका आधी नाही म्हणाले, मग गप्प बसले, मग हो म्हणाले. बाळाराम एसटीतून उतरले तेव्हा त्यांना लांबूनच धूर दिसला.

"घरात आले नाहीत. रस्त्यावरनंच मागं फिरले," काकू म्हणाल्या. "तेव्हापासनं बोलणं नाही. बुद्धपौर्णिमेला मी खीर पाठवते, तिकडनं डबा धुऊन परत येतो. पण हे दोघं एकमेकांच्या दारात नाहीत. मॅचला मात्र जातात दोघं."

मग मला कळलं, काका मैदानाकडे का बघत नाहीत. ज्या भावाला त्यांना काही विचारता येत नव्हतं, तो त्यांना तिथे तासभर समोर दिसायचा. त्याच्या आवाजावरून त्याची तब्येत कळायची. आणि तो उत्तर द्यायचा. उलटं का होईना, दरवेळी द्यायचा.

मी न राहवून एकदा म्हटलं, "काका, एखाद्या दिवशी पलीकडे जाऊन शेजारी बसा की."

काकांनी शेंगेचं टरफल बराच वेळ बोटांत फिरवलं. "शेजारी बसून काय बोलायचं, माने? शेजारी बसलं की हळू बोलायला लागतं. हळू बोलायला लागलं की मग खरं बोलायला लागतं."

शेठ वारले त्या वर्षी क्लब विकायला निघाला. त्यांच्या मुलांना क्लब म्हणजे वडिलांचं खूळ, त्यांना दोष तरी काय द्यायचा. पण बातमी आली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जत्रेचं रूप आलं. कोण घेणार यावर रोज नवा मालक. कधी दुबईचा शेख, कधी पनवेलचा बिल्डर, कधी सिनेमातली नटी. आशा तर विचारू नका. जुईनगरचा केमिस्ट म्हणाला, ब्राझीलचा स्ट्रायकर आणतील. एकजण म्हणाला, जर्सीचा रंग पक्का करतील. मोरा बंदराहून बसनं येणारे मुकादम म्हणून एक बर्फाचे व्यापारी होते, मोजकं बोलणारे; त्यांनी एकच ओळ टाकली: "ब्राझील नंतर बघू, पहिला संडास बांधा." त्यावर सर्वांत जास्त अंगठे पडले. माझं म्हणाल तर मलाही वाटायला लागलं होतं की आपले बरे दिवस येणार. ज्या खेळाचे नियम मला अजून नीट येत नव्हते त्याच्या मालकीहक्कावर मी ऑफिसात लंच टाइममध्ये भाषणं देत होतो.

काकांची मागणी साधी होती. "मालक कोणी येऊ दे. जर्सी हिरवी करा, पिवळी करा, काय टेन्शन नाय. मैदान इथंच पायजे आणि पायऱ्या समोरासमोर पायजेत."

त्यांचं टेन्शन मला दिसत होतं. मैदान गेलं तर त्यांच्या हातात काय राहणार होतं? कामोठ्याला राहणाऱ्या भावाला फोन करायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि कारण असतं तरी त्यांनी केला नसता. लिफ्टमध्ये भेटले की ते नव्या मालकासमोर करायच्या भाषणाची माझ्यावर तालीम करायचे. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत बरोबर बसेल असं भाषण त्यांनी बसवलं होतं.

शेवटी क्लब घेतला मोबाइलचं कसलं तरी ॲप चालवणाऱ्या एका कंपनीनं, आणि त्यांनी वाशीच्या एका हॉटेलात समर्थकांना बोलावलं. भानुबाई नवं लुगडं नेसून आली होती. मुकादम अत्तर लावून आले होते. थंडगार हॉल, पांढऱ्या कपड्यातल्या खुर्च्या, सगळ्या स्टेजकडे तोंड केलेल्या. आमचे लोक आत गेले, जरा वेळ अवघडून बसले, आणि मग कोणी न सांगता झाडाकडच्यांनी आपल्या खुर्च्या उजवीकडे फिरवल्या आणि खाडीकडच्यांनी डावीकडे. पाच मिनिटांत मधोमध मैदान तयार. हॉटेलची माणसं हात जोडत होती. दुसऱ्या टोकाला, पहिल्या रांगेत, बाळाराम बसले होते. छत्री घेऊन. हॉलमध्ये.

स्टेजवर नव्या मालकाचा माणूस होता, तिशीचा, हसरा, गोड बोलणारा. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. आमचं मैदान त्यात कुठेच नव्हतं. मग म्हणाला, "हम आपकी आवाज सुनने आये हैं. दिल खोल के बोलिये."

काका उभे राहिले. माइक आला, तो त्यांनी बाजूला केला. मला वाटलं आता लिफ्टमधलं भाषण येणार, पण ते सगळं विसरले असावेत. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन ते ओरडले, "क्लब इथनं हलवायचा नाय."

आणि मग, जसं इतकी वर्षं होत आलं तसंच झालं. बाळारामांनी छत्री बाजूला ठेवली आणि उभे राहिले.

"हलवा," ते ओरडले. "डासांत किती दिवस खेळायचं?"

क्षणभरानं खाडीकडचे सगळे एका आवाजात, "हलवा, हलवा." इकडून झाडाकडचे, "हलवायचा नाय." तिकडून, "हलवा." माणसं हसत होती, टाळ्या पिटत होती, मुकादम तर खुर्चीवर उभे राहिले होते. मीही घसा फाडून ओरडत होतो. कित्येक महिन्यांत आमची अशी मॅच झाली नव्हती. काकांचा चेहरा फुलला होता. भावाचा आवाज खणखणीत होता, सगळ्यांत वर चढत होता.

फक्त स्टेजवरचा माणूस ओरडत नव्हता. तो शेजारच्या मुलीला काहीतरी म्हणाला आणि तिनं मोबाइल वर करून खाडीकडच्यांकडे धरला.

बाळारामांना ते आधी दिसलं. त्यांचा आवाज मध्येच थांबला. त्यांनी हात वर केला, काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण त्यांच्या मागची माणसं अजून ओरडत होती आणि तेवढ्यात कोणीतरी जाहीर केलं की नाश्ता बाहेर ठेवलाय. गर्दी उठली. बाळाराम हात वर करून तसेच उभे होते.

पुढच्या महिन्यात कळलं. क्लब दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात जाणार. नाव नवं, रंग नवा, स्टेडियमला छप्पर. कंपनीनं तो व्हिडिओ टाकला होता. त्यात बाळाराम होते, "हलवा, हलवा" होतं, खाली लिहिलं होतं की समर्थकांनीच मनापासून मागणी केली. झाडाकडच्यांचा त्यात एक शब्द नव्हता.

ग्रुपवर जे झालं ते मला पुन्हा आठवायचंही नाही. ज्यांनी स्वतः "हलवा" म्हणून घसा फाडला होता तेच लिहीत होते की छत्रीवाल्या म्हाताऱ्यानं क्लब घालवला. बाळाराम एक अक्षर न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडले. कोणीतरी त्यावर हसणारी चित्रं टाकली. तेव्हा काकांनी आयुष्यातला पहिला आवाजी मेसेज पाठवला. तो ऐकताना माझे कान बधिर झाले, कारण मोबाइललाही ते पलीकडच्या पायऱ्या समजत होते. "तसल्या गोष्टी दोन मिनिटांच्या ओरडण्यानं होत नायत. कागद आदीच झालेले असतात. त्याला बोलणाऱ्यांनी माझ्याशी येऊन बोला." सगळे गार पडले. गमरेकाका खाडीकडच्याची बाजू घेतात हेच कोणाला पचत नव्हतं.

शेवटच्या मॅचला मैदान भरलं होतं. फ्लेमिंगो बघणाऱ्यांपेक्षा आम्ही जास्त होतो. काका नेहमीच्या जागी बसले आणि समोर बघत राहिले. छत्री दिसत नव्हती. पहिली काही मिनिटं ते वाट बघत होते, मग उभे राहिले.

"आमचा गोलकीपर देशात एक नंबर."

खाडीकडून कोणी काही बोललं नाही. माणसं होती, पण बोलायचं त्यांनाही जड जात असावं.

"सेंटर फॉरवर्ड तर वाघ आहे वाघ," काका पुन्हा ओरडले. तो सेंटर फॉरवर्ड त्याच वेळी गोलसमोर घसरून पडला होता. एरवी यावर समोरून काय आलं असतं. काही आलं नाही. काका उभेच राहिले, मग त्यांनी काहीच्या काही बोलायला सुरुवात केली. रेफ्रीसारखा न्यायी माणूस नाही. हा डास म्हणजे विदेशी पाहुणा. आपण सात गोलनी जिंकतोय. आपण हरत होतो. ज्या वाक्याला उलट उत्तर दिल्यावाचून बाळारामांना राहवलं नसतं अशी सगळी वाक्यं ते एकेक करून पलीकडे टाकत होते. आसपासचे हसेनासे झाले. मी त्यांचा शर्ट ओढला. "बसा काका." ते बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मैदानाकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं.

दोन-तीन आठवडे काका घरातून बाहेर पडले नाहीत. वॉचमन डुलक्या घेत होता. मग एका सकाळी दारावर टकटक झाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे.

"कामोठ्याला जायचंय. तुमी चला सोबत."

"मी कशाला?"

"एकटा गेलो तर खालनंच परत येईन. मला माहीत आहे."

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "त्याला वाटत असेल त्याच्यामुळं गेला. तसं घेऊन बसणारा माणूस आहे तो. सांगायला पायजे."

बाळारामांच्या बायकोनं दार उघडलं, काकांकडे बघितलं आणि बाजूला झाली. बाळाराम खिडकीपाशी बनियनवर बसले होते. ते घाईनं उठले, शर्ट शोधायला लागले, सापडला नाही, तसेच बसले. खोलीत एक सोफा आणि एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची मी घेतली. त्यामुळे दोघा भावांना सोफ्यावर शेजारी बसावं लागलं. दोघंही समोर, माझ्याकडे बघत होते. मला आपण मैदान झाल्यासारखं वाटलं.

काकांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "क्लब तुझ्यामुळं नाय गेला."

"माझ्यामुळंच गेला," बाळाराम माझ्याकडे बघत म्हणाले.

"कागद आदीच झाले होते."

"मी बोलायला नको होतं."

"तू बोलणारच होतास. मी बोललो म्हणून तू बोललास. मी गप्प बसलो असतो तर तूपण बसला असतास."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. काका थोडा वेळ आपल्या पंजांकडे बघत राहिले. मग त्याहूनही हळू, जवळजवळ मलाही ऐकू येऊ नये अशा आवाजात म्हणाले, "आयेच्या वेळेला मी थांबलो नाय, बाळ्या. मी थांबायला पायजे होतं. मी चुकलो."

आणि ते वाट बघायला लागले. कशाची, ते मला कळत होतं. आयुष्यभर त्यांनी जे जे म्हटलं त्याच्या उलट या माणसानं म्हटलं होतं. एकदाच, फक्त एकदाच, नेहमीसारखं उलट बोल रे बाबा, असं मला मनातून वाटत होतं. स्वयंपाकघराच्या दारात बाळारामांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

बाळारामांनी खिडकीबाहेर बघितलं. खूप वेळ बघितलं.

"हो," ते म्हणाले. "थांबायला पायजे होतंस, दादा."

काकांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. दोघं तसेच शेजारी बसून राहिले, एकमेकांना न लागता, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत राहिलो. मग काका उठले. बाळाराम दारापर्यंत आले.

एक जिना उतरून झाल्यावर काकांनी कठडा धरला आणि तिथेच पायरीवर बसले. मी म्हटलं, "उठा काका, खाली रिक्षा उभी आहे."

"पहिल्यांदाच," काका म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण तोंड वाकडं होत होतं. "पहिल्यांदाच पटलं त्याला माझं काहीतरी."

त्यांनी शर्टाचं टोक डोळ्यांना लावलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. वर बाळारामांचं दार लागल्याचा आवाज अजून आला नव्हता.